ओळंबा

शनिवार, ३

सभागृहातून उठून बाहेर आले तेव्हा पडद्यावरचा माणूस आरशाला तिसऱ्यांदा विचारत होता, मी खरा आहे का. आरसा गप्प होता. त्या खोलीत समज असलेला तोच एक.

जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेले. म्हटलं, पडद्याच्या मधोमध डाग आहे, बघा जरा. तो झरोक्यातून वाकून बघत राहिला.

"कुठाय, मॅडम?"

"मधोमध. त्या माणसाच्या तोंडावर. बशीएवढा."

"लेन्स सकाळीच पुसलीये."

"मग परत पुसा."

त्याने पुसली. डाग गेला नाही. त्याला तो दिसतच नव्हता, तर जाणार कसा? खाली येऊन पुन्हा बसले, कारण संपल्यावर बोलायचं होतं.

पुढे माझा मलाच विश्वास बसणार नाही म्हणून लिहून ठेवते. फिल्म सोसायटीच्या सेक्रेटरीने माझ्याकडून सहा शनिवार घेतले आहेत. सहा विज्ञानपट, विषय एकच: जे दिसतं ते खरं असतं का. चित्रपट संपला की मी त्यावर बोलायचं आणि सोमवारच्या वर्तमानपत्रात माझ्या सदरात लिहायचं. "तुमच्यासारखं फाडून काढणारं दुसरं कोण आहे," असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. कॉलेजात जन्मभर कादंबरी शिकवली. निवृत्तीनंतर सदर तेवढं उरलं आहे, आणि तेही जाहिरातींना जागा करून देत देत अर्ध्या रकान्यावर आलं आहे.

आजच्या चित्रपटात एका शहराचा मंगळवार दर आठवड्याला कुणीतरी काढून घेतं. सोमवारनंतर थेट बुधवार. हे एकाच कारकुनाला कळतं. कळल्यावर तो काय करतो, तर आरशासमोर उभा राहतो. मी म्हटलं, माझे सलग दोन तास मंगळवारी असायचे, माझ्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट फार सुखाचा वाटला असता. लोक हसले. पहिल्या रांगेत इंजिनियर बसला होता, तो हसला नाही. त्याला चित्रपट आवडला होता.

इंजिनियर म्हणजे माझा नवरा. त्याने जन्मभर लिफ्ट बसवल्या. माणसांना वर नेलं आणि खाली आणलं. आणखी कुठे न्यावं असं त्याला कधी वाटलं नाही.

ही डायरी सेक्रेटरीने भेट दिली. रेघा वाकड्या छापल्या आहेत, मधे फुगवटा आल्यासारख्या. फुकटच्या वस्तूकडून काय अपेक्षा ठेवायची.

मंगळवार, ६

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकली आहे. जेवताना इंजिनियरला सांगितलं.

"कुठली?"

"समोर आहे ती."

त्याने घास खाली ठेवला, मान तिरकी करून चौकटीकडे बघितलं, मग उठला आणि माळ्यावरून अवजारांची पिशवी काढली. जेवण तसंच. चौकटीच्या वरच्या लाकडात खिळा मारून त्याने ओळंबा टांगला. पांढरा दोर आणि खाली टोकदार पितळी वजन. लिफ्टचा खड्डा सरळ उतरतो की नाही हे त्याने जन्मभर याच वजनाने ठरवलं. वजन झुलायचं थांबेपर्यंत तो श्वास धरून उभा होता. देवळात सुद्धा इतका शांत उभा राहत नाही.

मग पट्टी घेऊन वर, मधे आणि खाली दोरापासून चौकटीचं अंतर मोजलं.

"सारखं आहे. कुठे वाकलीये?"

"दोर बदल मग. त्यालाच बाक आलाय."

तो वळून माझ्याकडे बघत राहिला. "दोर वाकडा दिसतोय तुला?"

"वजन बांधलेला दोर वाकडा कसा असेल?" मी विचारलं. त्याचाच प्रश्न त्याला परत दिला की एरवी तो गप्प होतो. आज झाला नाही.

"मास्तरीणबाई, डोळे दाखवून येऊ."

"चष्मा जुना झालाय. हे शनिवार संपले की बदलते."

"तुला चालणारा डोळा एकच आहे."

हे मला माहीत नसल्यासारखं त्याने सांगितलं. डावा डोळा लहानपणापासून आळशी. आई त्याला बिनकामाचा म्हणायची, मीही तेच म्हणत आले. वाचन, पेपर तपासणं, चित्रपट, सगळं उजव्याने केलं आणि त्याने कधी कुरकूर केली नाही. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून दवाखान्यात धावत सुटायला मी काही विज्ञानपटातली बाई नाही.

जेवण झाल्यावर ओळंबा काढ म्हटलं. "राहू दे," म्हणाला. दारात लोंबतो आहे. आत जाताना अंग चोरून जावं लागतं.

शनिवार, १०

आजच्या चित्रपटातल्या यानाच्या खिडक्या म्हणजे खरं तर पडदे आहेत आणि बाहेरचे तारे ठरावीक दिवसांनी तेच तेच फिरून येतात, हे यानावरच्या दंतवैद्याला कळतं. यानावर दंतवैद्य कशाला, हे विचारायचं नाही. शास्त्रज्ञ डझनभर आहेत, पण ते सगळे वास्तव म्हणजे काय यावर बोलत असल्यामुळे बाहेर बघायला कुणालाच सवड नाही. मी हे असंच बोलले.

नंतर मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला. "पण मॅडम, आपणही असल्याच एखाद्या यानात नसू कशावरून?"

दर शनिवारी हा प्रश्न येणार. प्रश्न विचारणारा प्रत्येक जण तो आपल्यालाच सुचला असं समजणार.

"घरी जाताना रस्ता ओलांडाल ना?" मी म्हटलं.

"हो."

"दोन्हीकडे बघून?"

"हो, म्हणजे..."

"मग उत्तर तुम्हाला माहीत आहे. बसा."

टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडत होते तर इंजिनियरने कोपर धरून मला मागे खेचलं. नाकासमोरून सायकल गेली. दिवा नाही, घंटा नाही, सरळ हवेतून आल्यासारखी.

"दिवा होता," इंजिनियर म्हणाला.

"मग घंटा नव्हती."

"वाजवत होता गं तो."

मी कोपर सोडवून घेतलं. मला रस्ता ओलांडता येतो.

डाग अजून तिथेच. ऑपरेटर म्हणतो दिवा नवा टाकला. सेक्रेटरी निरोप घ्यायला समोर उभा होता तेव्हा त्याच्याही चेहऱ्याच्या मधोमध काही दिसेना. तसंही त्या चेहऱ्यावर बघण्यासारखं फार नसतं.

बुधवार, १४

वर्तमानपत्रातून पुरवणीवाल्याचा फोन. माझं सदर तोच बघतो. म्हणाला, लेखात एक परिच्छेद दोनदा आला होता, आणि एक वाक्य अर्ध्यावर सुटलं होतं.

"मी जुळवून घेतलं, मॅडम. पण पाठवण्याआधी एकदा नजर टाकाल का?"

"नजर टाकूनच पाठवते."

"हो हो, ते आहेच."

या लोकांना वाक्य अर्ध्यावर तोडलेलं आणि सुटलेलं यातला फरक कळत नाही. परिच्छेद दोनदा कसा आला हे मात्र मला कळलं नाही.

शुक्रवार, १६

इंजिनियरचं काहीतरी बिघडलं आहे. सकाळी तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. माझ्यासमोर बसून, पहिल्या पानापासून. बाजारभाव वाचतो, हवामान वाचतो. अग्रलेख तर असा वाचतो, जणू लिफ्टसोबत आलेली सूचनांची पुस्तिका. मी म्हटलं, मला वाचता येतं. म्हणाला, मला सवय लावायचीये. कसली सवय ते सांगितलं नाही.

जिन्यात मोठा दिवा लावला. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवली. मीठ आणि साखर एकाच फळीवर होती, ती दोन टोकांना नेली. चहा तोच करतो, आणि कप माझ्या हातात दिल्याशिवाय सोडत नाही. काल मी स्वतः ओतायला गेले तेव्हा चहा कपाच्या शेजारी पडला. टेबल डुगडुगतं. त्याच्या पायाखाली पुठ्ठा घाल म्हटलं तर लगेच घातला, वाद न घालता.

नोकरी नसलेल्या माणसाने घरात किती हात घालावा याला काही मर्यादा असते.

शनिवार, १७

आजचा बरा विनोदी होता. दिग्दर्शकाला तसा करायचा नव्हता.

अंतराळातून परतलेला नवरा खरा नाही, नक्कल आहे. खरा तिकडेच राहिला. नकलेला सगळं येतं, आणि वर तो बायकोचं ऐकतो. बदललाय हे ओळखायला तिला दीड तास लागतो. मी म्हटलं, नवरा अचानक निमूटपणे ऐकायला लागला तर कुठल्याही बाईला पाचव्या मिनिटाला संशय आला असता. बायका खूप हसल्या. एक तर डोळे पुसत होती, असं शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं.

शेवटी म्हणे ती बायको त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरते आणि बघत बसते. फार गाजलेलं दृश्य आहे. हात दिसले, कान दिसले, चेहऱ्याच्या जागी ऑपरेटरची करडी बशी. बाहेर आल्यावर सेक्रेटरीला सांगितलं, पुढचा चित्रपट या सभागृहात असेल तर मी येणार नाही.

"मॅडम, आणखी कुणाचीच तक्रार नाही हो."

"आणखी कुणी बघतं का?"

तो नवं सभागृह शोधतो म्हणाला. असं बोलल्याशिवाय कामं होत नाहीत.

घरी येताना इंजिनियर म्हणाला, "ती बाई त्याला ठेवून घेते ना शेवटी."

"नक्कल आहे हे कळूनसुद्धा."

"चहा चांगला करतो म्हणून असेल," तो म्हणाला. हा त्याचा विनोद. वर्षातून एखादा.

मंगळवार, २०

दुपारी वाचायला बसले होते. ओळीतला मधला शब्द पळतो. कडेचे दिसतात, मधला नाही. त्याच्याकडे बघावं तर तोही पळतो. हल्लीची छपाई. अर्ध्या तासात पुस्तक मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा कादंबरी अर्ध्यावर मिटली, आणि कादंबरी चांगली होती.

इंजिनियर समोर बसून दारातल्या ओळंब्याकडे बघत होता. मी त्याला विचारलं, काय बघतोस. म्हणाला, "काही नाही. सरळ आहे का बघतोय." रोज तेच बघतो. दोर पळून जाणार आहे की काय.

शनिवार, २४

लिहायला हात शिवशिवतो आहे. तीन शनिवार मी चुकीच्या माणसावर डाफरत होते हे आज कळलं.

नवं सभागृह, नवं यंत्र, पडदासुद्धा नवा; सेक्रेटरीने दोनदा सांगितलं. दिवे गेले, चित्रपट सुरू झाला, आणि मधोमध तीच बशी. एकाच वेळी दोन यंत्रं बिघडत नाहीत. तेव्हा डाग यंत्राचा नाही. तो चित्रपटातच आहे, मुद्दाम ठेवलेला. आधीच्या तिन्ही दिग्दर्शकांनीही तेच केलं असणार, फक्त त्यांना ते पेलता आलं नव्हतं. ही मंडळी नाहीतरी एकमेकांचं उचलूनच जगतात. आजच्या दिग्दर्शकाला मात्र ते पेललं आहे.

एक मोजणीदार आपल्याच घराचा व्हरांडा मोजतो. दर सकाळी माप वेगळं येतं. घर मोठं होतंय की फीत आखडतेय, त्याला कळत नाही. बायको म्हणते, आत या, पुरे झालं. एवढीच गोष्ट. कुणी आरशाशी बोलत नाही.

संपल्यावर मी उभी राहिले आणि गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते केलं: स्तुती केली. म्हटलं, इथे दिग्दर्शकाने तोंड बंद ठेवून दाखवलं आहे. दाराची चौकट मधे वाकते. सरळ भिंत फुगते. आणि बायको दारात येऊन उभी राहते तेव्हा तिचा चेहरा पुसलेला असतो. केस आहेत, कान आहेत, पदराची कड आहे, मधे काही नाही. इतकी वर्षं सोबत राहून त्याने तिला बघितलेलंच नाही, हे याहून साध्या रीतीने मी पडद्यावर बघितलेलं नाही.

टाळ्या नाहीत. कुणीतरी खोकलं. मग उजवीकडून एका बाईचा आवाज आला, भीतभीत.

"चेहरा दिसत होता की, मॅडम. रडत होती ती."

"कुठल्या दृश्यात?"

"त्याच. दारातल्या."

"आणि दार पण सरळच होतं," आणखी कुणीतरी म्हणालं. सेक्रेटरी खुर्ची सरकवून उठायच्या बेतात होता.

तेव्हा पहिल्या रांगेतून इंजिनियर उभा राहिला. सभेत तो कधी बोलत नाही.

"मलाही तसंच दिसलं," तो म्हणाला. "चौकट वाकली होती. आणि बाईला चेहरा नव्हता."

बसला.

मग लोक हळूहळू बोलायला लागले. कुणी म्हणालं, आता सांगितल्यावर आठवतं, भिंत जरा हलल्यासारखी वाटली होती. दुसरा म्हणाला, चेहरा होता पण अंधुक होता, नाही का? शेवटपर्यंत निम्म्या सभागृहाने ते बघितलं होतं. प्रेक्षक म्हणजे काय चीज आहे, त्यावर एक लेख होईल.

इतक्या वर्षांच्या संसारात इंजिनियरला पहिल्यांदा एक चित्रपट समजला. घरी येताना त्याला तसं म्हटलं. तो रस्ताभर माझ्या डाव्या बाजूने चालत होता, पण रस्ता ओलांडताना दर वेळी उजव्या बाजूला आला.

रविवार, २५

लेख लिहिला. अक्षर मोठं करून लिहावं लागतं, वेळ लागतो. पण चांगला झाला आहे. वाकलेल्या चौकटीपासून सुरुवात केली.

इंजिनियर मागे येऊन उभा राहिला.

"ते चौकटीचं लिहू नकोस."

"का?"

"मोजण्याबद्दल लिही. ते चांगलं होतं."

"काल चारचौघांत साक्ष दिलीस आणि आज घाबरलास?"

"लिहू नकोस एवढंच म्हणतोय."

"कारण सांग."

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "बुधवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये."

"रद्द कर."

"नाही करत."

हा सूर मी त्याच्याकडून ऐकलेला नाही. एका चित्रपटावर दोन वाक्यं बोलला तर एवढी हिंमत. लेख पाठवून दिला.

मंगळवार, २७

लेख काल आला. आज पुरवणीवाल्याचा फोन.

"मॅडम, त्या मोजणीदाराच्या लेखाबद्दल वाचकांचे फोन येतायत."

"येऊ देत."

"ते म्हणतात, चित्रपटात असं काही नाहीच आहे."

"त्यांना सांगा, परत बघा."

"मी बघितला, मॅडम." "ते दृश्य चार वेळा थांबवून बघितलं. दार सरळ आहे. बाईला नाक, डोळे, सगळं आहे. मी खुलासा छापणार नाही, काळजी करू नका. फक्त म्हटलं, तुम्हाला सांगावं. तुमची तब्येत बरी आहे ना?"

फोन ठेवला. मला फाडून काढलेलं चाललं असतं. तब्येत विचारलेली चालली नाही.

इंजिनियर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, ओळंब्याच्या पलीकडे. त्याने ऐकलं होतं.

"दार वाकलं नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतं."

"बाईला चेहरा होता."

"होता. रडत होती."

"मग उभा कशाला राहिलास?"

"सगळे तुझ्याकडे बघत होते."

"तू माप खोटं सांगणारा माणूस आहेस असं मला वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं."

मी चिडले होते, आणि नेमकं कुणावर चिडावं ते सापडत नव्हतं. म्हटलं, "आधी का नाही बोललास?"

"बोललो की. तू दोर बदलायला सांगितलास."

तो खुर्ची पुढे सरकवायला गेला, मी नको म्हटलं. तो मग तिथेच उभा राहिला, हातांचं काय करावं हे न कळणाऱ्या माणसासारखा. सकाळपासून धुतलेली भांडी ओट्यावर तशीच होती. नळ ठिबकत होता. हा माणूस ठिबकणारा नळ एक दिवस राहू देत नाही.

ओळंब्यासमोर जाऊन उभी राहिले. दोर मधे वाकलेला होता, डायरीच्या रेघांसारखा, चौकटीसारखा, आणि वाकतो तिथे करडा होऊन नाहीसा होत होता. खाली पितळी वजन स्थिर. एवढं जड वजन बांधलेला दोर वाकडा असू शकत नाही हे मला तीन आठवड्यांपूर्वी माहीत होतं. मीच बोलले होते.

उजवा डोळा तळहाताने झाकला.

डाव्याला सगळं पाण्याखालचं दिसतं. त्याच्यावर मी कधी कुठलं काम सोपवलं नाही. दोर जाडा आणि धूसर दिसला, कडा नसलेला. पण वरच्या खिळ्यापासून खालच्या वजनापर्यंत सरळ होता. हात बदलला. वाकडा. परत बदलला. सरळ. असं बरेचदा केलं.

शेवटी उजवा झाकलेला ठेवून दोराच्या पलीकडे त्याच्याकडे बघितलं. दाढी वाढली आहे. बरीच. पांढरी. किती दिवस केली नाही कोण जाणे. रोज सकाळी तो माझ्यासमोर बसून बाजारभाव वाचत होता.

"दाढी का नाही केलीस?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. "दिसली का," म्हणाला.

उरलेल्या दोन्ही शनिवारी लोक मला विचारणार, मॅडम, जे दिसतं ते खरं कशावरून. यात बोलण्यासारखं एवढंच निघतं की दोर टांगावा आणि एकेक डोळा झाकून बघावा. इतक्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. काढला तर मी त्याला झोडपेन.

डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस म्हटलं. "केलीच नव्हती," म्हणाला.

बुधवार, २८

हे डाव्या डोळ्याने लिहिलं, रेघा सोडून. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी चौकटींचा कागद समोर धरला, डावा झाकायला सांगितलं आणि रेघा कशा दिसतात ते विचारलं. वाकड्या, मी म्हणाले. मधे? मधे काही नाही. किती दिवस, असं त्यांनी विचारलं तेव्हा इंजिनियर माझ्याकडे बघत राहिला, आणि मीच सांगितलं, महिना होत आला. लवकर यायला हवं होतं, त्या म्हणाल्या. आत रक्त झिरपलं आहे. उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, पुढचं महिन्याने. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. बाहेर रस्ता ओलांडताना इंजिनियरने कोपर धरलं. मी सोडवून घेतलं नाही.